खुडूक कोंबडी आणि सोलापूरचा उन्हाळा

या वर्षी मार्च महिन्यात आमच्या खुराड्यातील भुरी ही गावठी कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवणीसाठी एका जागी बसून राहिली, आणि तिची खुडूक मोडून ती पुन्हा धडधाकट होईपर्यंत पावसाळा लागला. मधल्या काळात काय काय करावे लागले, कुठे कुठे जावे लागले, किती खर्च आला आणि काळजी कशाची वाटली, ते क्रमाने लिहून ठेवत आहे. त्या दिवसांत मला हवी असलेली माहिती एका जागी मिळत नव्हती आणि जी मिळत होती ती बहुतेक थंड प्रदेशातल्या कोंबडीपालकांसाठी लिहिलेली होती. मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत चढणाऱ्या सोलापुरात, दिवसदिवस जागचे न हलणाऱ्या कोंबडीची गोष्ट चार अंडी बुडण्याशी संपत नाही. तिच्या जिवाचाच प्रश्न उभा राहतो.

आमचे घर विजापूर रस्त्याला, सोरेगावच्या पुढे आहे. परसात अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा असतो. त्यांतल्या तीन गिरिराज जातीच्या आणि बाकीच्या सगळ्या गावठी. गिरिराजच्या कोंबड्या आमच्याकडे आजवर कधी बसल्या नाहीत. गावठी कोंबडीचा क्रम मात्र ठरलेला असतो. ती बारा-पंधरा अंड्यांचा एक डाव घालते, मग खुडूक बसते, आणि वर्षाला जेमतेम ५० ते ८० अंडी देते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बसण्याची सवय जवळजवळ नाहीशी केलेली आहे, म्हणून त्या वर्षाला ३०० च्या घरात अंडी देतात, पण त्यांची अंडी उबवायला यंत्र किंवा दुसरी बसणारी कोंबडी लागते. ज्या घरात उबवणी यंत्र नाही आणि विजेचाही भरवसा नाही, तिथे बसणारी कोंबडी ही संपत्तीच आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून खुडूक हा दोष आहे असे समजून मी हे लिहीत नाही. ती अवेळी आली तर कोंबडीला कसे सांभाळावे, एवढेच मला सांगायचे आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भुरी अंडी घालण्याच्या पाटीतून उठेनाशी झाली. हात पुढे केला की पिसे फुलवून ती दुप्पट आकाराची व्हायची, खुडखुड असा खोल आवाज काढायची आणि चोच मारायची. छातीखालची पिसे तिने स्वतःच उपटून पाटीत पसरली होती आणि तिथली उघडी कातडी हाताला गरम लागत होती. दिवसातून एकदाच, तेही पंधरा-वीस मिनिटांसाठी, ती उठायची, घाईघाईने चार दाणे टिपायची, नेहमीपेक्षा मोठी आणि उग्र वासाची विष्ठा टाकायची आणि पुन्हा पाटीत जाऊन बसायची. ही विष्ठा पाहून पुष्कळ जण घाबरतात. परंतु दिवसभर रोखून धरलेली असल्यामुळे ती तशी असते. ती पातळ पाण्यासारखी, हिरवी किंवा रक्ताळलेली असेल तर मात्र दुर्लक्ष करू नये.

पहिला उपाय सोपा होता. अंडी रोजच्या रोज उचलायची आणि तिला दिवसातून दोन-तीनदा पाटीतून काढून दाण्यापाशी नेऊन सोडायचे. नुकत्याच बसलेल्या कोंबडीला एवढे पुष्कळदा पुरते. भुरीला ते पुरले नाही. पाटी उचलून ठेवली तर ती मोकळ्या कोपऱ्यातल्या मातीवर बसली, तो कोपरा विटांनी अडवला तर विटांवर बसली. तिच्यामुळे बाकीच्या कोंबड्यांनाही अंडी घालायला जागा मिळेना. त्या तिच्या अंगावर चढून अंडी घालू लागल्या, त्यात दोन अंडी फुटली आणि फुटलेले अंडे खाण्याची चटक इतरांना लागेल ही वेगळीच भीती निर्माण झाली.

शेजारच्या मावशींनी सांगितले, ‘‘बाई, तिला पाण्यात बुचकळून काढा, आपोआप उठंल.’’ दुसऱ्या एका आजींनी तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवायला सांगितले. दोन्ही उपाय पूर्वापार चालत आलेले आहेत आणि सांगणाऱ्यांच्या मनात कोंबडीविषयी वाईट काही नव्हते. तरीही मी ते केले नाहीत. नाकात पीस ओवले की आतल्या नाजूक त्वचेला जखम होते, त्यातून संसर्ग होतो आणि कोंबडीला श्वास घेणे अवघड जाते. पाण्यात बुचकळलेली कोंबडी घाबरून दमते, आणि पिसे वाळली की पुन्हा त्याच जागेवर जाऊन बसते. शिवाय आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. त्या दिवसांत साठवलेले पाणी कोंबड्यांना पिण्यासाठी जपून ठेवणे मला जास्त गरजेचे वाटले.

त्यानंतर मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. पहिल्या वेळी डॉक्टर भेटले नाहीत, कारण जनावरांच्या लाळ-खुरकूत लसीकरणासाठी ते आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरत होते. अशी मोहीम चालू असेल तर दवाखाना बहुधा सकाळच्या पहिल्या तासाभरातच गाठावा लागतो. दुसऱ्या खेपेला मी दार उघडण्यापूर्वीच जाऊन थांबले. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि पक्ष्यांची एकूण संख्या लिहून केसपेपर काढला. त्याचे शुल्क नाममात्र होते. नोंद करणाऱ्यांनी सर्वांत आधी विचारले, की गेल्या काही दिवसांत पक्षी अचानक मेले आहेत का. हा प्रश्न औपचारिक नसतो. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लू २००६ साली पहिल्यांदा आढळला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेव्हापासून एकाएकी मरतूक झाल्याचे कळले की यंत्रणा सावध होते आणि नमुने पुण्याला व तिथून गरजेप्रमाणे भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. आपल्याकडे असे कधी घडले तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवता, ते कुठेही न फेकता आधी दवाखान्यात कळवावे. दवाखाना दूर असेल तर पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा विनाशुल्क क्रमांक आहे.

डॉक्टरांनी भुरीला तपासले आणि ती आजारी नसल्याचे सांगितले. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला पुढे फार उपयोगी पडले. अंड्यांचा आणि पाटीचा स्पर्श छातीखालच्या उघड्या कातडीला होत राहतो, तिथे ऊब टिकते, भोवती अंधार आणि आडोसा असतो. या सगळ्यामुळे मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवते. ते वाढले की बीजांडकोश आकसतो, अंडी बंद होतात, भूक मंदावते आणि बसून राहण्याची ओढ वाढते. म्हणजे कोंबडी हट्ट करीत नसते. तिच्या शरीराला मिळणारा ‘घरटे आहे’ हा निरोप थांबवायचा असेल तर तिला खालून हवा लागली पाहिजे, भोवती उजेड हवा आणि बसायला मऊ किंवा उबदार काही नको. जितके दिवस ती बसलेली असेल तितका तिला वेळ जास्त लागतो, असेही त्यांनी बजावले. तिला शिक्षा करायची नाही हे त्यांचे वाक्य मी घरात सगळ्यांना सांगितले.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच असा पिंजरा करून घेतला. तळाला वेल्डमेशची जाळी आहे, खाली फूटभर उंचीचे पाय आहेत, वर झाकण आहे. जुनी लोखंडी पट्टी वापरल्यामुळे तो ७५० रुपयांत झाला. सशांचा जुना पिंजरा मिळाला तर याहून स्वस्तात काम होईल. जाळीची भोके अर्ध्या ते पाऊण इंचाची असावीत. त्याहून मोठी असली तर पाय अडकतो आणि जाळीला कुठेही तारेचे टोक वर आलेले राहू देऊ नये, कारण तळपायाला जखम झाली की ती चिघळून गाठ येते आणि कोंबडी लंगडू लागते. पिंजऱ्यात गवत, पोते, पुठ्ठा यांपैकी काहीही घातले नाही. दाण्याचे आणि पाण्याचे भांडे बाहेरून बांधले. दिवसा पिंजरा लिंबाच्या दाट सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवत होतो आणि रात्री मुंगूस व मांजर यांच्या भीतीने ओसरीवर आणत होतो. तिला कळपापासून पूर्ण तोडू नये, नाहीतर परत सोडल्यावर बाकीच्या टोचतात.

खुडूक मोडली की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात जाण्याच्या वेळेला, तिला मोकळे सोडावे. ती इतरांबरोबर दांडीवर चढली तर काम झाले. सरळ पाटीकडे धावली तर पुन्हा पिंजरा. बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत निवळतात असे डॉक्टर म्हणाले होते. भुरी मात्र सोडताक्षणी पाटीकडे पळाली, आणि असे एकापेक्षा जास्त वेळा झाले. तिला परत पिंजऱ्यात ठेवताना माझा जीव तुटत होता. शेवटी मार्च संपता संपता एका संध्याकाळी ती दांडीवर जाऊन बसली. अंडी लगेच सुरू होत नाहीत, दोन-तीन आठवडे थांबावे लागते. तिचे पहिले अंडे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाले.

खरी कसोटी त्यानंतर होती. एक डाव घालून भुरी मे महिन्याच्या मध्यावर पुन्हा खुडूक बसली. या वेळी उन्हाळा ऐन भरात होता. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि भोवतालची हवा त्याहून गरम झाली की चोच उघडून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे आणि पाणी पिणे एवढेच उपाय तिच्याजवळ उरतात. खुडूक कोंबडी तर पाण्यालाही उठत नाही. पत्र्याच्या छपराखाली, आडोशाला, पिसे फुलवून बसलेली भुरी दुपारी धापा टाकत होती तरी जागची हलत नव्हती. त्याच दिवशी तिला पिंजऱ्यात घातले, आणि आता वाट न पाहता पहिल्याच दिवशी ठेवायचे हा नियम आम्ही करून टाकला.

छपरावर कडब्याच्या पेंढ्या पसरल्या. पिंजऱ्याच्या पश्चिमेकडून गोणपाट बांधून ते दुपारी ओले करीत होतो, मात्र तिन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या, कारण वारा अडला की ओलाव्याने उकाडा वाढतो. पाणी मातीच्या परळात ठेवून दिवसातून तीनदा बदलत होतो आणि डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पुडी (४० रुपये) सकाळच्या पाण्यात घालत होतो. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यायचो. भर दुपारी खाल्लेला दाणा पचताना अंगात उष्णता वाढवतो. ज्वारी, मक्याचा भरडा, थोडी शेंगदाण्याची पेंड आणि शिंपल्याचा चुरा हे आमचे नेहमीचे खाद्य आहे. खुडूक असताना अंडी नसल्यामुळे शिंपल्याची गरज कमी असते. तो वेगळ्या भांड्यात ठेवला की ज्या कोंबडीला हवा ती खाते.

काळजी वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे तिचे वजन. मार्चमध्ये दवाखान्यात ती १ किलो ६०० ग्रॅम भरली होती. मे महिन्याच्या अखेरीस घरच्या काट्यावर १ किलो १५० ग्रॅम भरली. बसणारी कोंबडी थोडी उतरते हे खरे, पण छातीचे हाड हाताला सुरीच्या पात्यासारखे लागत होते आणि तुरा लालऐवजी फिकट गुलाबी झाला होता. शेपटीखालची पिसे बाजूला करून पाहिले तेव्हा उवा दिसल्या. दिवसदिवस एका जागी बसलेली कोंबडी धुळीत लोळत नाही, पिसे साफ करीत नाही, त्यामुळे तिच्या अंगावर उवा-पिसवा लवकर वाढतात. मग रात्री बॅटरी घेऊन खुराडे तपासले. दांडीच्या फटींवरून पांढरे फडके दाबून फिरवले तर त्यावर तांबडे डाग उमटले. दिवसा फटींत लपून रात्री रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांची ही खूण असते. दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ते सापडत नाहीत, म्हणून ही रात्रीची तपासणी प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी करावी असे मी आवर्जून सांगेन.

पुन्हा दवाखाना. यावेळी डॉक्टरांनी विष्ठा तपासायला सांगितली. सकाळची ताजी विष्ठा स्वच्छ कोरड्या बाटलीत घेऊन, बाटलीवर नाव व तारीख लिहून, त्यांनी दिलेल्या चिठ्ठीसह जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोहोचवायची होती. पहिला नमुना शनिवारी नेला तेव्हा तिथे तपासणारे कोणी नव्हते. सोमवारी दुसरा नमुना द्यावा लागला आणि अहवालासाठी गुरुवारपर्यंत थांबावे लागले. ज्यांना नमुना द्यायचा आहे त्यांनी आधी फोन करून जावे, आणि शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला द्यावा. अहवालात जंतांची अंडी निघाली. जंतनाशक साऱ्या कळपाला पाण्यातून दिले. प्रमाण पक्ष्यांच्या वजनावरून डॉक्टरांनीच काढून दिले आणि किती दिवसांपर्यंतची अंडी खाऊ नयेत तेही लिहून दिले. ही मुदत औषधागणिक बदलते, तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून अंदाजे औषध घालू नये. औषधांचा सगळा खर्च ३०० रुपयांच्या आत झाला.

खुराड्याचे काम दोन दिवस चालले. कोंबड्या बाहेर काढून आतला भुसा जाळला, तडे गेलेली लाकडी दांडी फेकून दिली, भिंतींच्या फटींवरून ज्योत सोडणारी फ्लेमगन फिरवून घेतली (एका पोल्ट्रीवाल्या ओळखीच्या गृहस्थांनी ती उसनी दिली) आणि वाळल्यावर चुना मारला. फ्लेमगन वापरताना कडबा, गोणपाट आणि मुले लांब ठेवावीत. परसात उथळ खड्डा करून त्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख भरून दिली. भुरीची खुडूक जूनच्या पहिल्या आठवड्यात मोडली, आणि पिंजऱ्यातून सुटल्यावर ती पहिल्यांदा त्या राखेत जाऊन बराच वेळ लोळत राहिली. महिनाभराने ती पुन्हा दीड किलोच्या वर गेली आणि तुरा लाल झाला. तोवर तिच्या अंड्यांची वाट पाहावी असे मला वाटतच नव्हते. ती खात आहे हे पुरेसे होते.

मे महिन्यात अनेकांनी विचारले, की एवढी बसायची ओढ आहे तर तिच्याखाली उबवायला अंडी का ठेवत नाही. त्यामागे कारण होते. उबवणीसाठी साठवलेली अंडी थंड जागी ठेवावी लागतात. खोलीच सदतीस-अडतीस अंशांची असेल तर कोंबडी बसण्याआधीच आतला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. शिवाय बसणारी कोंबडी २१ दिवस उन्हात झिजते. सोलापूरच्या हवेत पाऊस पडून गारवा आल्यावर किंवा थंडीत कोंबडी बसवणे चांगले.

तशी संधी ऑगस्टमध्ये आली, पण भुरीकडून नाही. तांबडी नावाची आमची दुसरी कोंबडी खुडूक बसली आणि श्रावण चालू होता. श्रावणात आमच्या घरी व आसपासच्या बऱ्याच घरांत अंडी खात नाहीत, त्यामुळे ताजी अंडी हाताशी होती. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली दहा अंडी निवडली. फार मोठी, फार लहान आणि लांबट अंडी बाजूला ठेवली. अंडी धुतली नाहीत, कारण धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. आधी दोन दिवस तिला जुन्या अंड्यांवर बसू दिले, तिच्या अंगावर उवांची पावडर लावली, पाटीत राख आणि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून त्यावर बारीक गवत पसरले, आणि ११ ऑगस्टच्या रात्री अंधारात अंडी बदलली. अंधारात कोंबडी बिचकत नाही.

भुरीच्या अनुभवामुळे तांबडीला रोज सकाळी मी स्वतः उचलून दाण्या-पाण्यापाशी नेत होते आणि ती विष्ठा टाकेपर्यंत थांबत होते. दर आठवड्याला वजन करीत होते. सातव्या रात्री मोबाइलच्या दिव्यावर अंडी धरून पाहिली: आठांमध्ये रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले, दोन निवळ होती, ती काढून टाकली. न काढलेले बाद अंडे पुढे सडून फुटते आणि बाकीच्यांनाही नासवते. शेवटचे तीन दिवस तिला अजिबात हलवले नाही. १ सप्टेंबरला सात पिल्ले बाहेर आली. पिल्लांच्या पोटात शोषला गेलेला बलक त्यांना पहिला दिवस-दीड दिवस पुरतो, त्यामुळे कोंबडी लगेच उठली नाही तरी घाबरू नये.

राहिली लस. राणीखेत म्हणजे मानमोडी या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगावरची लासोटा लस पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब याप्रमाणे देतात. अडचण अशी, की तिची बाटली बहुधा १०० मात्रांची येते आणि एकदा द्रावण केले की ते बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावे लागते. सात पिल्लांसाठी बाटली कोणी फोडत नाही. दवाखान्यात मागणी नोंदवल्यावर वरून पुरवठा यायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ लागला. मी अंडी बसवली त्याच आठवड्यात मागणीचा अर्ज दिला होता, म्हणून ती वेळेत मिळाली. तोवर वस्तीतील बायकांकडे विचारून कोणाकडे किती पिल्ले आहेत याची यादी केली. ती साठाच्या वर भरली. ७ सप्टेंबरला सकाळी सातला सगळ्यांनी आपापली पिल्ले डालग्यांखाली झाकून आणली. जी मलूल होती ती परत पाठवली, कारण लस निरोगी पिल्लांनाच द्यायची असते. डॉक्टरांचे सहकारी थर्मासमध्ये बर्फ घालून आले होते आणि नऊच्या आत काम संपले. पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची झाली की त्याच रोगावरची आर२बी ही लस टोचून द्यायची आहे. त्यासाठी त्याच यादीसह मागणीचा अर्ज त्या दिवशीच देऊन पोच घेतली, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याची तारीख सगळ्यांनी लिहून घेतली आहे.